बारा आणे गेलंय, चार आणे राहिलंय

दिवाळीनंतर आमच्या ओपीडीत टॅब आलाय. आता पेशंटला "काय होतंय?" विचारायचं आणि तो बोलत असतानाच स्क्रीनवरच्या यादीतली तक्रार निवडायची. ताप, खोकला, चक्कर, पोटदुखी, छातीत दुखणे, अशक्तपणा, इतर. मग 'किती दिवसांपासून' तिथं आकडा. मग 'तीव्रता', एक ते दहा. बोट तीनदा टेकवलं की झालं, पेशंट आत. सगळे म्हणतात, काम सोपं झालं. झालं असेल. माझं मात्र काहीतरी बिनसलंय आणि ते दोन ओळीत सांगता येईना, म्हणून इथं लिहायला बसले. लांबणार आहे, आधीच सांगते.

मी नर्स. सोलापुरात एका फिजिशियन सरांच्या केबिनबाहेरच्या टेबलावर गेली १८ वर्षं बसते. वजन, बीपी, ताप, ऑक्सिजन बघायचं आणि पेशंट आत जायच्या आधी त्याला विचारून केसपेपरवर चार ओळी लिहायच्या. याला 'हिस्ट्री घेणं' म्हणतात. पक्की हिस्ट्री सर आत घेतात, माझी कच्ची. पण संध्याकाळी साठ पेशंट असले की सरांचा पहिला प्रश्न माझ्या त्या चार ओळींवरून ठरतो. ते मला फार लवकर कळलं आणि अंगाशी आल्यावर जास्त कळलं. (खालच्या सगळ्या माणसांची वयं, गावं, नाती बदललीत. कुणी ओळखायच्या फंदात पडू नका.)

आधी माझीच चूक सांगते, म्हणजे बाई शहाणपण शिकवायला बसली असं वाटायला नको.

सात-आठ वर्षांपूर्वी मंद्रूपकडचे एक मामा आले. सत्तरीचे, धोतर, टोपी. "काय होतंय मामा?" तर म्हणाले, "उठलं की डोळ्यापुढं अंधारी यायलीय. भिंतीला धरून हुबारावं लागतंय." मागं वीस माणसं ताटकळलेली. मी लिहिलं, चक्कर, पाच दिवस. "गोळ्या कसल्या चालू आहेत का?" "न्हाई." लिहिलं, औषधं नाहीत. बीपी जरा कमी होतं, पण एप्रिल महिना, आणि एप्रिलातलं आमचं ऊन तुम्हाला माहीत आहे. आत सरांनी 'चक्कर' वाचून विचारलं, "गरगरतं का?" मामा म्हणाले, "हां." डॉक्टरसमोर मामा कशालाही हां म्हणायचे, ते मला पुढं कळलं. चक्करची गोळी दिली, पाणी भरपूर प्या, आठ दिवसांनी दाखवा.

सहाव्या दिवशी मुलानं त्यांना रिक्षात घालून आणलं. ओठ पांढरे, नखं पांढरी, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर कागदासारखी. सरांनी उभ्या उभ्या विचारलं, "शौचाला कसं होतंय?"

"काळं. डांबरावानी. पंधरा दिस झाले."

गुडघे दुखतात म्हणून मामा दोन महिने मेडिकलमधनं आणलेली दुखण्याची गोळी खात होते. दिवसातनं दोनदा, कधी तीनदा, बऱ्याचदा उपाशीपोटी. त्यानं पोटात अल्सर झालेला आणि तिथनं रक्त जात होतं. "अहो, मी विचारलं होतं की तुम्हाला, गोळ्या चालू आहेत का म्हणून!" माझा आवाज चढलेलाच होता. मामा शांतपणे म्हणाले, "त्या बीपी-शुगरच्या न्हाईत की बाई. ही आपली गुडघ्याची."

रक्त चढवलं, दुर्बीण घालून बघितलं, मामा वाचले. पुढं दोन-तीन वर्षं येत राहिले, येताना माझ्यासाठी शेंगाची चटणी आणायचे, आणि ती चटणी खाताना दर वेळी मला तो केसपेपर आठवायचा. सर मला काही बोलले नाहीत, उलट म्हणाले, चुकलं माझंही. पण अक्षर माझं होतं. माणूस म्हणाला होता 'उठलं की अंधारी'. मी लिहिलं 'चक्कर'.

आता बघा, अंधारी येणं म्हणजे उभं राहिल्यावर मेंदूला रक्त कमी पडणं. गरगरणं वेगळं, ते पुष्कळदा कानाच्या आतल्या भागातनं येतं. भोवळ म्हणजे माणूस पडायच्या बेतात. तोल जाणं त्याहून निराळं, तिथं पायांची नाहीतर मेंदूची भानगड असू शकते. घेरी म्हणणाऱ्याला सकाळपासून काय खाल्लंय ते आधी विचारावं. श्रावणी सोमवारी उपास धरून शुगरची गोळी मात्र न चुकता घेणाऱ्या बायका आमच्याकडं दर वर्षी घेरी येऊन येतात. भाषेनं एवढे शब्द आयते दिलेत, एकेक शब्द वेगळ्या वाटेनं नेतो, आणि मी ते सगळे एका पोत्यात कोंबून वर 'चक्कर' अशी चिठ्ठी डकवली होती.

तेव्हापासून पेशंटच्या तोंडचे शब्द मी तसेच उतरवते. अवतरणात. 'छातीत भरून आल्यागत होतंय.' 'पायात मुंग्या न्हाईत, पाय कापसावर ठेवल्यागत वाटतंय.' अर्थ सर लावतील, ते त्यासाठी शिकलेत. आणि गोळ्यांचं विचारताना 'चालू आहेत का' असं विचारणं सोडलं. "घरात डब्यात कुठल्या कुठल्या गोळ्या आहेत? दुखण्याची कुठली घेता? झाडपाल्याचं, चूर्ण-काढा काय घेता?" असं विचारते. चालू गोळीची प्रत्येकाची व्याख्या वेगळी असते. एका काकांची बीपीची गोळी 'चालू' होती म्हणजे कपाटात होती. डोकं जड झालं की घ्यायचे.

माझी भाची आमच्या इथल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजला शिकली, आता सिव्हिलला इंटर्न आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मावशी, आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, मुख्य तक्रार पेशंटच्या शब्दांत लिहा. "मग लिहिता का?" तर हसली. लिहितात 'सी ओ गिडिनेस, फाइव्ह डेज'. सी ओ म्हणजे कम्प्लेंट ऑफ, गिडिनेस म्हणजे चक्कर. मंद्रूपच्या मामांनी उभ्या जन्मात गिडिनेसची कम्प्लेंट केलेली नाही.

तिनंच मला मोबाइलवर दोन-तीन अभ्यास काढून वाचून दाखवले. एक इंग्लंडमधला, १९७५ सालचा. ओपीडीत आलेल्या ८० नव्या पेशंटांचा. त्यातल्या ६६ जणांचं निदान नुसती पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि पेशंटचं ऐकून झालं ते शेवटपर्यंत बरोबर ठरलं. तपासणीनं निदान बदललं ७ जणांचं, लॅबच्या रिपोर्टनं आणखी ७ जणांचं. तेव्हा सीटी स्कॅन घरोघरी पोचला नव्हता हे मान्य, पण तरीही. दुसरा अमेरिकेतला, १९८४ चा. पेशंटनं बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात. मला हसू आलं. आमच्याकडं १८ सेकंदांत पेशंट चप्पल काढून, खुर्ची ओढून, "नमस्कार मॅडम" म्हणेपर्यंत पोचतो. तिसरा स्वित्झर्लंडचा, २००२ चा. तिथं डॉक्टरांनी ठरवून ३३५ पेशंटांना मधे न तोडता बोलू दिलं, तर माणसं सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबली. दीड मिनिट! आपण ज्याला घाबरून "मुद्द्याचं बोला" म्हणतो ते दीड मिनिटाचं पुराण असतं.

आणि मुद्द्याचं म्हणजे काय, हे कुणी ठरवायचं? एक काकू आल्या, शुगर चारशेच्या पुढं. बसल्या बसल्या सुनेचं गाऱ्हाणं सुरू. सून बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगा पुण्याला, घरात भाकरी थापायचा कंटाळा येतो. रिसेप्शनवरची पोरगी मला खुणा करत होती, आवरा. मी म्हटलं, बोलू दे. शेवटी निघालं असं, की इन्सुलिन सून टोचायची. काकूंना हात कापतो म्हणून स्वतःला जमत नाही, आणि शेजारणीला सांगायची लाज. तीन आठवडे इन्सुलिन फ्रीजमध्ये पडून. हे कळलं नसतं तर डोस वाढला असता, आणि सून परत आल्यावर तिनं तो वाढलेला डोस इमानदारीत टोचला असता. मग शुगर एकदम खाली जाऊन जिवावर बेतलं असतं. टॅबमध्ये या गोष्टीला जागा कुठं आहे? 'अशक्तपणा, २१ दिवस, तीव्रता ६.'

तीव्रतेचं तर नावच काढू नका. "एक ते दहामध्ये किती दुखतंय?" असं विचारलं की लोक मला गुण दिल्यासारखं उत्तर देतात. एक जण म्हणाला, "घ्या की सात." घ्या की! जणू भाव चाललाय. त्याच आठवड्यात उत्तर सोलापूरकडच्या एक आजी दुसऱ्यांदा दाखवायला आल्या होत्या. कसं आहे विचारलं तर म्हणाल्या, "बारा आणे गेलंय, चार आणे राहिलंय. पण ते चार आणेच लई बेनं हाय." मी शब्द न शब्द लिहिला. सर वाचून मोठ्यानं हसले आणि त्या उरलेल्या चार आण्यांच्या मागं लागले. तिथं वेगळंच काहीतरी निघालं.

दिवसांचंही तसंच. "कधीपासून?" "गड्ड्यापासनं." गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची यात्रा, ती संक्रांतीला, म्हणजे जानेवारीचा मध्य. "ज्वारी काढतानापासनं." "नातवाच्या बारशाला पहिल्यांदा झालं." माझ्या डोक्यात याचं कॅलेंडर तयार आहे. माणसाला आकडा विचारला तर तो अंदाजे "पंधरा दिवस" म्हणतो. पंधरा दिवस हा सोलापुरातला सगळ्यात लाडका आकडा आहे, त्यात चार दिवसांपासून चार महिन्यांपर्यंत काहीही बसतं. सण विचारला तर बरोबर सांगतो.

बाहेरगावच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, आमचं गाव तीन-चार भाषांचं. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट-विजापूरच्या बाजूनं आलेल्यांची कन्नड, आणि दखनी तर सगळीकडं. मला दुखण्यापुरत्या सगळ्या येतात. तेलुगूत दुखणं म्हणजे नोप्पि, कन्नडमध्ये नोवु. आग होणं तेलुगूत मंट, कन्नडमध्ये उरी. चक्करला कन्नड माणूस 'तले सुत्तु' म्हणतो, म्हणजे डोकं फिरणं. एवढ्यावर काम भागत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तर पुढची गोष्ट.

कुंभारीच्या विडी घरकुलातनं एक आजी आल्या. आयुष्य मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेलेलं, मराठी कळायचं पण बोलताना अडायच्या. बरोबर दहा-अकरा वर्षांची नात. आजी माझ्याकडं बघून चांगल्या दोन मिनिटं बोलल्या. हात आधी ओटीपोटावर, मग कमरेवर, मग आवाज बारीक, मग पदर तोंडाला. बोलून झाल्यावर मी नातीकडं बघितलं. नात म्हणाली, "आजीच्या पोटात दुखतंय."

"एवढंच म्हणाली?"

"हां."

आणि ती पोरगी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागली.

मी तिला वीस रुपये देऊन खाली पाण्याची बाटली आणायला पाठवलं आणि आमच्या झाडलोटीच्या मावशींना हाक मारली. मावशींचं माहेर-सासर दोन्ही तेलुगू. त्या फडकं खांद्यावर टाकून आजींच्या शेजारी टेकल्या, हात हातात घेतला, चार वाक्यं इकडून, चार तिकडून. मग माझ्याकडं वळून मावशी म्हणाल्या, "पाळी जाऊन बारा वर्षं झाली. आता तीन महिने झाले, परत अंगावर जातंय. लेकाला सांगू नका म्हणतीय." पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं ही तपासल्याशिवाय सोडायची गोष्ट नाही. सरांनी त्याच संध्याकाळी त्यांना बायकांच्या डॉक्टरकडं पाठवलं. पुढचं इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

त्या नातीचा मला राग आला नाही. तिला कळलं होतं, म्हणून तर ती घड्याळाकडं बघत होती. राग येतो तो आपल्या सगळ्यांच्या सवयीचा. बाईची हिस्ट्री नवरा सांगतो, म्हाताऱ्याची मुलगा, सुनेची सासू, आणि आपण टेबलावरचे लोक त्या बोलणाऱ्याकडं बघून लिहितो. पेशंट मधे बसलेला असतो, पार्सलसारखा. आणि हे सगळं बाकावरच्या आठ लोकांच्या देखत. तिथं "लघवीला कसं होतं", "अंगावरून पांढरं जातं का" असं मोठ्यानं विचारलं तर कोण खरं सांगेल? मी आता टेबल भिंतीकडं वळवून घेतलंय, आणि नातेवाइकांना रिपोर्टची फाईल नंबरवार लावायला बसवते. बिचारे मन लावून लावतात.

यंत्रमागावरच्या कामगारांची तऱ्हा वेगळी. वर्षानुवर्षं मागाच्या खडखडाटात राहून कान गेलेले असतात. प्रश्न नीट ऐकू येत नाही, तसं सांगायचा संकोच, म्हणून सगळ्याला "हां मॅडम". यादी वाचत गेलं तर खोकला हां, ताप हां, जुलाब हां, दम हां. यादीवर विश्वास ठेवला तर माणूस रात्र काढणार नाही. अशांच्या समोर बसायचं, तोंड दिसेल असं, आणि एकच विचारायचं, "सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय होतं ते सांगा." सूतगिरणीत ब्लो रूमला काम करणारा एक पोरगा असाच सांगता सांगता बोलून गेला, "सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळून येतीय, मग हळूहळू कमी हुतंय." मी ते तसंच लिहिलं, मला त्यातलं काही कळलं नव्हतं. सर खुर्चीत सरसावून बसले. कापसाच्या धुळीनं होणारा एक आजार आहे, बिसिनोसिस, त्याची सुरुवातीची खूण हीच, सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त. साधा दमा म्हणून पंप देऊन पाठवला असता तर त्याला धुळीपासून लांब करायचं कुणाच्या डोक्यात आलं असतं?

एक 'गॅस' राहिला. छातीत, पोटात, पाठीत, काहीही झालं की आपल्याकडं गॅस. कुणी "गॅस झालाय" म्हणालं की मी पेन खाली ठेवते आणि म्हणते, हातानं दाखवा कुठं. ज्यानं छातीच्या मध्यावर मूठ आवळून ठेवली, त्याचा नंबर बिंबर गेला खड्ड्यात, आधी ईसीजी. हे मी पेपरवर लिहिते सुद्धा, 'मूठ ठेवली'. टॅबला मूठ दिसत नाही.

आणि एक बारीकशी गोष्ट, वाटल्यास घरी करून बघा. "अजून काही त्रास?" असं विचारलं की माणूस "नाही" म्हणतो. त्या 'काही'मध्येच 'नाही' बसलेलं आहे, विचारणाऱ्याचा सूरही उठण्याचा असतो. "अजून काय काय होतंय?" म्हटलं की तो क्षणभर थांबतो, वर बघतो, आणि मग जे सांगतो ते बऱ्याचदा खरं कारण असतं. नाहीतर तेच वाक्य केबिनच्या दाराची कडी हातात धरून सरांना ऐकावं लागतं, "आणि एक विचारायचं राहिलं डॉक्टर..."

टॅबच्या मी विरोधात नाही हो. कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, मागच्या वेळचं वजन, हे सगळं एका बोटावर मिळतं. जुने केसपेपर शोधण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, ते वाचलं. माझं अक्षरही वाईट आहे. आणि साठ पेशंटांना प्रत्येकी दीड मिनिट म्हणजे दीड तास, तो कुठून आणायचा, हा प्रश्नही खरा आहे. माझ्याकडं त्याचं पूर्ण उत्तर नाही. एवढंच दिसतं, की मामांच्या वेळी माझं एक मिनिट वाचलं होतं.

म्हणून मी फक्त एक मोकळी चौकट मागितली. पेशंटचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहायला. सॉफ्टवेअरवाला पोरगा आला होता, सालस आहे, मला 'मॅडम' नाही 'ताई' म्हणतो. म्हणाला, "ताई, मोकळं लिहिलं की त्याचे रिपोर्ट काढता येत नाहीत." मी म्हटलं, यादीतलं निवडलं की रिपोर्ट निघतात, पण कशाचे? तो डोकं खाजवत गेला आणि पंधरा दिवसांनी (खऱ्या पंधरा) चौकट देऊन गेला. त्यात मराठी कीबोर्ड उघडत नाही.

तोवर मी ईसीजीच्या कागदाच्या उरलेल्या पट्ट्यांवर लिहून ती चिठ्ठी फाईलला टाचते. रिसेप्शनवरची पोरगी रोज म्हणते, "मॅडम, आपण पेपरलेस झालोय ना?" पेशंट आत गेल्यावर सर आधी चिठ्ठीच मागतात, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.